हिरव्या पट्ट्याची पाहणी

३ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. गुडघा सोडला तर माझं सगळं ठीक. तुझ्या बढतीचं कळलं. फोटोत तुझ्यापेक्षा तुझ्यामागचा नकाशाच जास्त रुबाबदार दिसतो.

त्या नकाशाबद्दलच लिहितेय. जंगलाचे दोन तुकडे, मधे शेतं आणि तुकडे जोडणारा तुझा हिरवा पट्टा. ‘एकेक झाड मोजू नका, अख्खा भूप्रदेश वाचा,’ असं तू भाषणात आम्हा अडाण्यांना सुनावलंस. विचार खोटा नाही रे, जनावरांना जायला-यायला वाट हवीच. फक्त तू भूप्रदेश वाचलास तो गार खोलीत बसून, उपग्रहाच्या एका फोटोवरून. हिरवं दिसलं, तू झाडी लिहिलीस. तो कालवा होता, बाळा. जलपर्णीनं झाकलेला, सिमेंटच्या उभ्या काठांचा.

आणि पट्टा आहेच म्हटल्यावर ओढ्याकाठची जुनी झाडी ‘अनावश्यक’ ठरवून तोडायला लावलीस. हरणं पिढ्यान्‌पिढ्या तिच्या आडोशानं जायची. आडोसा गेला, तेव्हा बिचाऱ्यांनी तुझा पट्टा धरला. कालव्यातून सात मेलेली काढली. एक गाभण होती.

चौकशी समितीला दोषीही लगेच सापडला: माझ्या हाताखालचा वनरक्षक. गस्त नीट घातली नाही म्हणे. निवृत्तीला चार महिने उरलेत, घरी बसवलाय त्याला. समितीतल्या तिघांच्याही बुटांना मातीचा कण नव्हता. तुझ्याच तालमीतले असावेत.

आता कोणीही विचारेल, प्रत्यक्ष पाहणीच्या दाखल्यावर सही कोणाची? तिथवर यायलाच मला एवढा कागद लागला. तुझी फाईल अडली होती. “ताई, नुसती सही तर करायचीय,” फोनवर म्हणालास, आणि मी खुर्चीतून न उठता केली. वनरक्षक टेबलापाशीच उभा होता. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “बाई, हे पाणी आहे.”

मी म्हटलं, “माझ्या भावाला शिकवू नका.”

खाली मान घालून गेला. इतकी वर्षं तुझी टर उडवताना मला वाटायचं, आपण वेगळ्या मातीचे. कसल्या वेगळ्या! तू निदान फोटो तरी पाहिला होतास.

उद्या समितीपुढे माझा जबाब आहे. पाणी कोणी ओळखलं, त्याला कोणी गप्प केलं आणि फोन कोणाचा होता, तिन्ही सांगणार आहे. माझी नोकरी जाईल. तुझ्या बढतीचं तू बघ.

ही खालची सही मात्र कालव्याच्या काठावर उभी राहून, पाहून केली आहे.

ताई