तांदळात न लिहिलेलं नाव

तिर्झा सिस्टर,
तुमाला हात जोडून नमस्कार.

तुमची बदली कुठं झाली ठाऊक न्हाई, हे पत्र टाकायचं तरी कुठं? तरी बीडच्या दवाखान्याच्या जिन्यावर बसून लिवते हाय. बावीस वर्सांमागं तलवाड्यात माझी पोर जन्मली, ती रडलीच न्हाई. तुमी तिच्या तोंडात फुंकर घालून तिला रडवलं. म्हणून मी तुमचंच नाव तिला ठेवलं. हिब्रू नाव हाय, अर्थ 'माझा आनंद', असं तुमीच सांगितलं होतं. अख्ख्या गेवराई तालुक्यात त्या नावाची दुसरी पोर न्हाई, असं मी लई मिरवायची.

मागच्या वर्सी तिचं लगीन झालं. जावयानं ताटातल्या तांदळात 'राजनंदिनी' लिवलं आन् मी गुमान साखर वाटली.

परवा ती बाळंत झाली, पोरगी झाली. मग झटके आले, तवापासून शुद्ध न्हाई. डॉक्टर म्हणतात, नाव घेऊन हाका मारत राहा. विहीणबाई 'राजनंदिनी' म्हणतात, मीबी तेच म्हणते. पापणी हलत न्हाई.

विहीणबाईला राग येईल म्हणून जुनं नाव घेत न्हाई, असं मी आमच्या मालकांना सांगितलं. खोटं हाय ते. सकाळी त्या चहाला गेल्या, मी एकलीच होते, तरी माझ्या तोंडून ते नाव निघालं न्हाई.

सिस्टर, माझ्यापाशी आता ती एकच हाक उरली हाय. तिलाबी पोरीनं ओ दिली न्हाई, तर?

तुमची,
उज्ज्वला, तिर्झाची आई