पांढऱ्या पट्ट्याची बाटली

लिहून ठेवणार मी, ज्याला या गल्लीत आणि न्यायालयाच्या आवारात सर्वजण कोटमास्तर म्हणतात. वय ब्याऐंशी पूर्ण. धंदा वकिलांचे व न्यायाधीशांचे कोट शिवणे, सध्या बंद. शिक्षण चौथी पास, शुद्धलेखनात वर्गात पहिला. हा कागद मी स्वहस्ते लिहीत आहे. शेजारी वकीलसाहेब बसलेले आहेत, परंतु शब्द माझे आहेत आणि अनुस्वारही माझेच आहेत.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्यातून मी उठलो तरी पुढे पोर्टचा थेंबही चालणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पहिल्या कारणाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. दुसऱ्या कारणाने मनःस्थिती बरी नाही, ती वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावी. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगी सारखी दारात येऊन "बाबा, झालं का?" असे विचारते, त्याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असा खुलासा वकीलसाहेबांनी केला आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मधली कापण्याची खोली व मागची बिनखिडकीची खोली, माझ्या एकुलत्या मुलीला द्यावे. जावयांचा मनसुबा मधली भिंत पाडून सगळे मोकळे करण्याचा आहे. ही भिंत माझ्या पश्चात पाडण्यास माझी हरकत राहू शकत नाही, हे मला समजते. तरीही हरकत आहे, याची नोंद व्हावी.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक मुलीचीच. जावयांनी सल्ला विचारल्यावर द्यावा, आधी देऊ नये.

कलम तिसरे. मोठी कात्री समोरच्या दुकानातील शिवणाऱ्या बाईंना द्यावी. या बाईंनी दारावर "तासात मिळेल" अशी पाटी लावून माझी निम्मी गिऱ्हाइके पळवली. त्या हेम दोऱ्याने न घालता चिकटपट्टीने बसवतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. तथापि, या कात्रीला धार कोण लावतो असे आजवर फक्त त्यांनीच विचारले. घरच्यांनी तिने टपालाची पाकिटे फोडली. सबब कात्री बाईंची. त्या कात्रीने चिकटपट्टी कापू नये, ही विनंती.

कलम चौथे. रविवारच्या बैठकीविषयी.

पोर्ट म्हणजे गोड, दाट, तांबडी वाइन. ती पेल्यात बोटभर घेतात आणि तासभर पुरवतात. ज्या नातेवाइकांनी लग्नकार्यात मला दारुडा म्हटले, त्यांच्या माहितीसाठी हे लिहिले आहे. दर रविवारी दुपारी माझ्या कापण्याच्या टेबलाभोवती काही माणसे जमतात आणि मागील बैठकीनंतर कोणी कोणती बाटली उघडली, ते सांगतात. टेबल माझे घेण्याचे कारण एवढेच की गल्लीत त्याच्याइतके लांब टेबल दुसरे नाही. नियम एकच आहे. बाटली उघडली की तिच्यातील निदान चौघांपुरती राखून आणायची. ज्याने आणली नाही, त्याने तिच्याविषयी चकार शब्द काढायचा नाही.

हा नियम जावयांना आजतागायत उमगलेला नाही. मागच्याच बैठकीत ते फोन पुढे करून म्हणाले,

"हे बघा, परवा उघडली. वीस वर्षांची टॉनी पोर्ट."

"कुठे आहे?" मी विचारले.

"संपली ना."

"मग फोन खिशात घाला, जावईबापू."

"अहो, निदान वर्णन तरी ऐका. अंजीर, चामडं आणि शेवटी सीडरचं लाकूड."

"सीडर कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही, पण वास आला ना."

यावर दंतवैद्य बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो मास्तर, हल्ली फोनलाही वास येत असेल."

दंतवैद्य बाई बैठकीच्या जुन्या सभासद आहेत. त्यांना प्रत्येक पोर्टमध्ये लवंग सापडते. रंगाऱ्याला जवसाचे तेल सापडते. मला इस्त्रीखालची ओली लोकर सापडते. ज्याचा त्याचा धंदा नाकात राहतो, यात गैर काही नाही. जावयांच्या नाकात मात्र दुसऱ्याने लिहिलेले राहते. ते पोर्टमध्ये बर्फ घालतात, हेही येथे लिहिणार होतो, परंतु मुलीने आत्ताच खांद्यावरून वाचून "बाबा, पुरे" असे म्हटले. सबब लिहीत नाही.

टेबल, सहा पेले, काचेचा चंबू आणि गाळण्यासाठी ठेवलेला मलमलीचा तागा बैठकीच्या वापरासाठी घरात आहे तेथेच राहावा. मलमल धुताना साबण लावू नये.

कलम पाचवे. रंगाऱ्याची खुर्ची.

वर ज्याचा उल्लेख आला तो रंगारी माझ्याबरोबर चौथीपर्यंत होता आणि पुढेही त्याने माझी पाठ सोडली नाही. राहतो तीन घरे पलीकडे. गेले वर्षभर तो बैठकीला आलेला नाही. त्याची खुर्ची मी टेबलापासून हलवलेली नाही. खुर्ची जड आहे. ती तशीच राहू द्यावी.

तो येत नाही, परंतु पोर्ट पितो, हे मला पक्के माहीत आहे. कारण बाटली संपली की तो रिकामी बाटली माझ्या खिडकीसमोरच्या कट्ट्यावर आणून उभी करतो. लेबल माझ्याकडे करून. तोंडाने बोलायचे नाही, पण काय उघडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही, असा हा मनुष्य आहे. मी लांबचा चष्मा लावून लेबल वाचतो. मागच्या आठवड्यातली रूबी पोर्ट त्याने कोठून मिळवली, हे विचारण्याची फार इच्छा झाली होती. विचारले नाही.

कलम सहावे. पांढऱ्या पट्ट्याची बाटली.

भांडणाचे मूळ येथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जुने न्यायाधीशसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला व्हिंटेज पोर्टची एक बाटली दिली. त्यांचा डावा खांदा उतरता होता आणि ते न्यायासनावर बसले असताना ही गोष्ट कोणाच्याही लक्षात कधी आली नाही, त्याबद्दल दिली. देताना म्हणाले, "मास्तर, काचेवर हा पांढरा डाग दिसतो ना, तो कायम वर. बाटली आडवी, डाग वर. साका, म्हणजे आतला गाळ, खालच्या अंगाला धरतो, आणि तो जितका घट्ट धरेल तितकं चांगलं. एकदा उलटलीत की सगळं ढवळलं." मी ती मागच्या बिनखिडकीच्या खोलीत फळीवर डाग वर करून ठेवली.

मुलीच्या लग्नाआधी रंगाऱ्याने ती खोली रंगवली. फळी रिकामी करताना त्याला दिसले की डाग पुसट झाला आहे. दुसरा कोणी असता तर बाटली होती तशी ठेवून गप्प बसला असता. हा रंगारी. त्याला पुसट रंग पाहवत नाही. त्याने बाटली फडक्याने लख्ख पुसली, भिंतीचा उरलेला पांढरा ऑइलपेंट घेतला आणि कडा सरळ मारून डागाचा पट्टा केला. वर रंगाचा दुसरा हात दिला. मला बोलावून दाखवला, आणि मी शाबासकी देईन या आशेने उभा राहिला.

काचेत एक बुडबुडा आहे. माझ्या स्मरणाप्रमाणे तो डागाला लागून होता. पट्ट्याच्या मात्र तो बरोबर विरुद्ध अंगाला आहे. याचा अर्थ, पुसताना डाग गेला, बाटली हातात फिरली, आणि पट्टा वरच्या अंगाऐवजी खालच्या अंगाला बसला. तेव्हापासून बाटली उलटी पडून आहे. रंगाऱ्याचे म्हणणे, "पट्टा होता तिथेच दिलाय, लेका. बुडबुडा तुझ्या डोळ्यात आहे." काच इतकी काळी की उन्हात धरली तरी आतले काही दिसत नाही. त्या दिवशी खोलीत तिसरी व्यक्ती माझी पत्नी होती. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं." ती आता हयात नाही. या उत्तराबद्दल माझी तिच्यावरील तक्रार अजून आहे.

हा वाद आम्ही वर्षानुवर्षे दर रविवारी घातला आणि त्यात कोणाचे नुकसान झाले नाही. उलट दंतवैद्य बाईंची करमणूक झाली. एकदा त्या म्हणाल्या,

"मास्तर, तुमचं म्हणणं खरं असेल तर आतली पोर्ट गढूळ. खोटं असेल तर स्वच्छ. म्हणजे तुम्ही जिंकलात की बाटली गेली. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मला जे खरं आहे ते हवं."

"मग काढा की बूच."

मी बूच काढले नाही. त्याचे कारण भीती आहे, असा शेरा बाईंनी मारला. तो येथे नोंदवतो. मान्य करत नाही.

गेल्या वर्षी एका बैठकीत रंगारी नवी बाटली घेऊन आला आणि सर्वांसमोर म्हणाला, "हिला पट्टा नाही, बिनधास्त ओता." सगळे हसले. जावई सर्वांत जास्त हसले. मी म्हणालो, "ज्याला बाटलीची वरची बाजू कळत नाही, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत हेच नवल." कोणी हसले नाही. रंगाऱ्याने भरलेला पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि गेला. भरलेला पेला सोडून तो उठल्याचे मी तोवर पाहिले नव्हते.

सबब, ही बाटली माझ्या मृत्यूनंतर रंगाऱ्याला द्यावी. त्याने ती माझ्याच टेबलावर, दंतवैद्य बाईंसमक्ष उघडावी आणि मलमलीतून चंबूत ओतावी. गढूळ उतरली तर त्याने माझ्या फोटोकडे पाहून तसे मोठ्याने सांगावे. स्वच्छ उतरली तर फोटो भिंतीकडे तोंड करून लावावा.

कलम सातवे. वरील कलम लिहून मी पेन खाली ठेवले असता पुढीलप्रमाणे घडले, ते नमूद करणे भाग आहे.

साक्षीदार म्हणून मी दंतवैद्य बाई आणि निवृत्त पोस्टमास्तर यांना सांगितले होते. बाई वेळेवर आल्या. पोस्टमास्तर गावाला गेले आहेत, असे मुलीने सांगितले आणि त्यांच्याऐवजी ती रंगाऱ्याला घेऊन आली. तो दारात उभा राहून माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सही करायची म्हणे. कुठे?"

वकीलसाहेबांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्याने साक्ष केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. यांना साक्षीदार तरी करा, नाहीतर बाटली तरी द्या."

"कसली बाटली?" रंगाऱ्याने विचारले.

वकीलसाहेबांनी कलम सहावे वाचून दाखवले. माझा विरोध होता. रंगाऱ्याने सगळे उभ्यानेच ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे हा मेल्यावर मी बूच काढायचं, आणि निकाल काय लागला ते फोटोला सांगायचं? नको मला. भांडण दोघांचं आहे. ऐकायला हा समोर पाहिजे."

"बाटली आधी निदान एक दिवस उभी ठेवावी लागते," मी म्हणालो. "साका बुडाशी बसल्यावाचून ओतता येत नाही. आज शक्य नाही."

"कालपासून उभीच आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

मी मागच्या खोलीत जाऊन पाहिले. बाटली शिवणयंत्राशेजारी उभी होती. माझ्या घरात बाटली आपणहून उभी राहत नाही. यावरून पोस्टमास्तर खरोखर कोठे आहेत, याविषयीही मला संशय येत आहे. मी मुलीकडे पाहिले, तेव्हा ती पेले पुसत होती. ते सुद्धा मलमलीने.

सबब कलम सहावे रद्द समजावे. सदर बाटली या मृत्युपत्राचा भाग नाही, कारण आज संध्याकाळी ती शिल्लक राहणार नाही. वकीलसाहेबांच्या आग्रहावरून आधी सह्या होतील, मग बूच निघेल. नाहीतर सही शुद्धीत केली की कसे, असा प्रश्न जावई उपस्थित करू शकतात. जावयांनाही पेला द्यावा. बर्फ देऊ नये.

शेवटी एवढेच. मी माझे म्हणणे मागे घेत नाही. बुडबुडा होता तिथे होता. तथापि, आज माझे म्हणणे खोटे ठरले तर मला त्याचे वाईट वाटणार नाही. हे वाक्य रंगाऱ्याला ऐकवू नये. संपूर्ण मजकूर साक्षीदारांसमक्ष वाचणे आवश्यकच असेल, तर वकीलसाहेबांनी येथे आवाज खाली घ्यावा.

या मृत्युपत्रावर मी राजीखुशीने, चष्मा लावून, स्वतः वाचून पाहून सही केली.

ठिकाण: राहते घर, कापण्याचे टेबल.
दिनांक: अठरा, रविवार, दुपार.

(सही) कोटमास्तर

आमच्यासमक्ष लिहून ठेवणाराने सही केली आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार एक: (सही) दंतवैद्य बाई.

साक्षीदार दोन: (सही) रंगारी. पट्टा होता तिथेच दिला आहे. आवाज खाली घेतला तरी ऐकू आले.

लिहून ठेवणाराचा शेरा: साक्षीदार दोन यांनी सहीपुढे लिहिलेला मजकूर साक्षीत बसत नाही. वकीलसाहेब तो खोडा म्हणतात. खोडू नये.