तीनदा दाखवलेला घसा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि काल मला तुझ्याशी बोलावंसं वाटलं ते दवाखान्यात. धाकट्या भावाच्या मुलीचा घसा धरला होता म्हणून मी त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टर तरुण आहे, इथल्या पापडी गावचाच. त्याने तिच्या घशात कापसाची काडी फिरवली, ती नळीतल्या थेंबभर औषधात बुडवली, त्यात एक पट्टी ठेवली आणि म्हणाला, बसा दहा मिनिटं. पट्टीवर दोन रेघा उठल्या. हे व्हायरल नाही, बॅक्टेरियाचं आहे, दहा दिवस गोळ्या द्या, एकही चुकवू नका, नाहीतर पुढे हृदयावर जातं, असं त्याने सांगितलं. दहा मिनिटं उगाच बसवलं म्हणून भावजय कुरकुरली. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

मी नऊ वर्षांची होते. वाफ्यांना पाणी द्यायचं टाकून तू मला आपल्या गास गावाहून सोपाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत चालवत नेलंस. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा डॉक्टरांनी बॅटरी मारली न मारली आणि सांगितलं, व्हायरल आहे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. तिसऱ्या वेळी तू दारातून मागे वळलीस. "डॉक्टर, पोरीच्या घशातनं पानी पन उतरत नाय. कायतरी गोली द्या."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

बाकावरच्या बायका हसल्या. तू पदर ओढून घेतलास आणि माझा हात धरून निघालीस. तू भांडली का नाहीस, हा राग मी फार वर्षं जपला. डॉक्टरांनी अंदाज केला, तूही अंदाजच केलास, आणि खरा तुझा निघाला. पंधरवड्याने माझे गुडघे सुजले, मग घोटे. बाविसाव्या वर्षी हृदयाची झडप बदलायची वेळ आली.

तेव्हा वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनी पप्पांसमोर विचारलं, लहानपणी घसा दुखायचा तेव्हा दाखवलं नव्हतं का? मी म्हणाले, "आईने नुसत्या गुळण्या करायला लावल्या." तू खाटेच्या पायथ्याशी माझी चादर सारखी करत होतीस. वाटलं, आता तरी बोलशील. तू चादरच सारखी करत राहिलीस. पप्पा त्यावरून तुला कधी काही म्हणाले नाहीत. त्यानंतर तुझ्याशी धड बोललेही नाहीत.

काल दवाखान्यातून निघताना भाऊ म्हणाला, "आईने तेव्हा तुला एकदा तरी दाखवलं असतं ना, ताई." मी हो म्हणाले. हे त्याला वाचायला द्यायचं, म्हणून लिहायला बसले होते. देणार नाही.