वरच्या पाकिटाचा मालक

दि. २८ सप्टेंबर २००२

चि. डॉ. दिपक यास देविदासमामाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी आई सुखरूप आहे, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू खुर्चीला पाठ टेकून वाचशील. फोनवर मला नीट बोलता आलं नाही. एसटीडीवाला पुनमचंद काचेला कान लावून उभा होता, आणि हल्ली आमच्या दवाखान्यातल्या माणसानं साधं पाणी मागितलं तरी गावात त्याचे तीन अर्थ निघतात. तुझी प्रकृती कशी आहे? तिकडे औरंगाबादला अतिदक्षता विभागात वेळेवर जेवण होतं का? माझी बरी आहे. भूक लागते, झोप लागते. फक्त समोरून कुणी येताना दिसलं की 'हा कितवा?' असं मनात येतं, तेवढं सोडलं तर मी पूर्वीसारखाच आहे.

याला कारण तुझा डबा. जूनमध्ये तू तो पत्र्याचा डबा आणून दिलास. आत साठ बंद पाकिटं, वर एक ते साठ आकडे. साप चावून विष अंगात भिनलं की लस सहा बाटल्या द्यावी की बारा, कशानं माणसं जास्त वाचतात, ते शोधायचं. तू मला समजावलंस (मला, बावीस वर्षं सुया टोचणाऱ्या ब्रदरला, तिसरीतल्या पोराला समजावल्यासारखं) की निवड माणसाच्या हाती दिली की तो नकळत पक्षपात करतो. म्हणून चिठ्ठ्या आधीच काढून बंद करायच्या. पेशंट आला की घरच्यांचा अंगठा घ्यायचा, वरचं पाकीट फोडायचं आणि आत असेल ते द्यायचं. दोन्हींतलं चांगलं कोणतं हे कुणालाच माहीत नाही, तेव्हा कुणाचं नुकसान होण्याचा प्रश्नच नाही. मला पटलं. आपण विज्ञान मानणारी माणसं, न पटून सांगतो कुणाला!

पण एक गोष्ट तू सांगितली नव्हतीस. पाकीट माणसाच्या आधी तयार असतं. जुलैत एका भर दुपारी डबा पुसताना हे माझ्या ध्यानात आलं. वर तेरा नंबर होता. तो ज्याचा, ते माणूस त्या वेळी कुठंतरी ठणठणीत असणार, भाकर खात असेल, बैल धूत असेल. आणि त्याला काय मिळायचं ते महिनाभर आधीच औरंगाबादला ठरून गेलेलं. मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. (आत कुणी जाऊ नये म्हणून, की आतलं काही बाहेर येऊ नये म्हणून, ते विचारू नकोस.) दुसऱ्या दिवशी तेरा नंबर आला. कुरुंद्याकडची बाई होती, नव्यानं लग्न झालेली.

हे मी आमच्या शिवकन्या सिस्टरला बोललो, ही माझी चूक. दोन दिवसांत गावभर झालं. माणसं औषधाला म्हणून येत आणि कपाटाकडे बघून जात. एक म्हातारी हळूच विचारून गेली, "माह्या नातवाचं त्यात हाय का रं बाबा?" ऑगस्ट संपला तेव्हा आपल्या शेजारचा हळदवाला पुंजाजी माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "मामा, मागल्या साली सालभरात अकरा जणं आले. औंदा तीन महिन्यात छत्तीस. डबा आला अन् साप वाढले. पाकीट हाय म्हणल्यावर त्याला माणूस लागनारच की."

मी त्याला सांगितलं, की पूर्वी साप चावलेलं माणूस देवळाच्या ओट्यावर नेत, आणि तिथं मेलेला आमच्या वहीत येत नसे. आता लस आहे म्हणून इकडे येतात. चावणं तेवढंच आहे, मोजणं वाढलंय. पुंजाजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग डबा आठ दिस दुसऱ्या गावाला ठिऊन पाहू. तिथं चावलं अन् इथं न्हाई चावलं, तर काय म्हनसान?" खरं सांगतो दिपक, त्याच्या पद्धतीत मला एकही खोट काढता येईना. म्हणून मी त्याच्यावर ओरडलो.

चार दिवसांनी कपाटातून डबा गायब. (किल्ली शिवकन्या सिस्टरकडे असते. ती म्हणते, तिला काही माहीत नाही.) पुंजाजीनं तो नेऊन ठेवला स्वतःच्या सासुरवाडीला, सासरच्यांवर त्याचं किती प्रेम आहे ते तुला ठाऊक आहेच. आठ दिवस आमच्याकडे एकही दंश नाही. नवव्या दिवशी जीप आली. पुढच्या सीटवर डबा, मागं आडवा पुंजाजीचा मेहुणा सोनाजी, पापण्या मिटत चाललेल्या. सदतीस नंबर फोडला, सहा निघाले, माणूस वाचला. पुंजाजीनं डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि हात धोतराला पुसले. तू म्हणशील, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय ते आठ दिवस इकडे झड लागली होती, शेतात कुणी गेलंच नव्हतं. मीही सगळ्यांना हेच सांगितलं. सांगताना मी डब्यापासून चार हात लांब उभा होतो.

आता तुझ्या आईचं, आमच्या अक्काचं. गेल्या गुरुवारी दुपारी हळद खुरपताना तिच्या पायाला घोणस चावली. ती सरळ घरी आली, पाय धुतला आणि ओट्यावर बसून राहिली. दीड तास! दवाखान्यात चल म्हणणाऱ्या बायांना म्हणाली, "वरचं पाकीट माहं न्हाई. मी गेले की माहं होईल. मी जातच न्हाई." निरोप आला तसा मी पळत गेलो. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. मला बघून ती मागं सरकली. लहानपणी जिनं मला कडेवर फिरवलं ती माझी अक्का मला भ्यायली. "देविदास, तू काहून आला?" म्हणाली. अंगणातल्या बाया तिच्या पायाकडे बघतच नव्हत्या, त्या माझ्या खिशाकडे बघत होत्या.

तिला उचलून जीपमध्ये घातलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं. वीस मिनिटांनीही ते गोठेना. ते म्हणाले, "ब्रदर, पाकीट." अडतीस नंबर. बारा बाटल्या. दुसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं, तिसऱ्या दिवशी तिनं पिठलं मागितलं आणि आमच्या डाळीला नावं ठेवली. तेव्हा काळजी नसावी. तू रजा काढून येऊ नकोस, असा तिचाच निरोप आहे. तिचा फॉर्म नियमाप्रमाणे भरून सोबत जोडला आहे.

सूनबाईंना जयभीम, लेकरांना पापा.

तुझा,
देविदासमामा

ता. क. – डबा परत पाठवतो आहे. पाकिटं तुझ्याकडेच राहू देत. पेशंट आला की मी फोन करीन, तू तिकडे फोडून सांग. पुनमचंदचाही धंदा होईल.

ता. क. दुसरा – फॉर्मला अडतीस नंबरचं पाकीट टाचलं आहे. बघ, डिंक तसाच आहे. मी ते फोडलंच नाही. डॉक्टरांची पाठ माझ्याकडे होती; मी पाकीट हातात धरलं आणि "बारा" म्हणालो. आधीच्या सदतीस जणांची पाकिटं मी सरळ फोडली, आणि त्यांचेही भाऊ दारातच उभे होते. मला फार लाज वाटते. अक्काला मोजू नकोस. आत काय आहे ते तू बघ. सहा असेल तर मला कळवू नकोस. बारा असेल तर अजिबात कळवू नकोस.