डाव्या मडगार्डाचं खरं

प्रिय दादा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. आज पत्र लिहायला बसलोय, कारण सकाळी तुमच्या मोटारीचं डावं मडगार्ड काढलं आणि माझी कंबर धरली. पडल्या पडल्या लिहिण्याखेरीज दुसरं काही जमत नाही.

वहिनींना तुळजापूरला जायचंय. "यष्टीनं जाऊ," म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांची मोटार दारात असताना?" पण सात वर्षांपूर्वी चेपलेलं मडगार्ड आता टायरला घासायला लागलंय. नळदुर्गच्या मिस्त्रीचा निरोप आला, पत्रा तेवढा काढून आणा, ठोकून देतो. म्हणून, भिंतीत खिळासुद्धा सरळ न ठोकणारा मी, पाना घेऊन मोटारीखाली शिरलो!

दादा, खंडेनवमीला मोटारीची पूजा सगळेच करतात. पण एकेका बोल्टाला हळदकुंकू कोण लावतं हो? तेही पाण्यात कालवून! वर्षानुवर्षांचे थर, खाली गंज. पुजलेल्या बोल्टावर हातोडी मारायची म्हणून वहिनींनी मला आधी हात जोडायला लावले. मग रॉकेल ओतलं, हिसडे दिले. शेवटचा नट निघाला, तरी मडगार्ड सुटेना. बघतो तर दिव्याची वायर सोडवायची राहिलेली! सगळं धूड वायरीला लोंबकळत माझ्या मांडीवर.

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा, पन गाडी काय जमली न्हाय त्यांना. त्या मैलाच्या दगडावर घातली ना, तवापासून मी कधी पुढं बसलेच न्हाय त्यांच्याजवळ. लई बोलवायचे."

दगडावर मी घातली होती, दादा. अणदूरहून येताना, तुम्ही मागं झोपला होतात. आणि महिन्याभरानं शाळेच्या संमेलनात 'आमच्या दादांचं सारथ्य' हा विनोदी लेख कुणी वाचला? मीच. दगड तोच ठेवला, हाकणारा तेवढा बदलला. लोक हसून लोळले. तुम्हीही हसलात. घरी येताना एवढंच म्हणालात, "चांगलं जमलंय रे."

का म्हणालात तसं? एक कानाखाली द्यायची होती! निदान वहिनींना तरी खरं सांगायचं. धाकट्याची अब्रू झाकायला सात वर्षं शेजारची जागा रिकामी ठेवून मोटार हाकलीत?

मी सांगितलं त्यांना. तिथंच, काळ्या हातांनी. त्यांनी त्या चेपलेल्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत.

"भावजी, हसवलं सगळ्या गावाला, अन् खरं मला एकटीला अंगणात सांगता व्हय?"

आयुष्यभर लोकांची टर उडवून टाळ्या घेतल्या. थकलो हो दादा, स्वतःच्याच जिभेला थकलो.

यंदाच्या संमेलनात मी पुन्हा वाचणार आहे. रस्ता तोच, दगड तोच, पण स्टिअरिंगवर मी. कुणी हसो न हसो, वहिनी समोर बसलेल्या असतील, आणि शेवटच्या ओळीपर्यंत मान वर ठेवून वाचीन. एवढा शब्द घ्या.

तुमचा धाकटा,
वसंता