पाच नंबरच्या शेजारी

४ मार्च १९६१
दुकानाची नवी काच. लोकांना सांगायचा आकडा चौऱ्याऐंशी पौंड. खरी किंमत: चौऱ्याऐंशी पौंड, बारीक चौकटींची जुनी फुगीर खिडकी (सुताराने जाळायला नेली) आणि एक शेजारीण. पाच नंबरची मिस क्रॅडक, लोकर आणि बटणं विकते. काच बसल्यापासून एकदाच बोलली — "हॉबडे, अख्ख्या ओळीचा पुढचा दात पाडलात तुम्ही!"
पण आत टांगलेली डुकरं आता चर्चच्या पायरीवरून दिसतात!

११ मार्च
नगरपालिकेचं पत्र. ज्यूड रो या आमच्या ओळीतली सगळी घरं एकाच नकाशाची, चेहरा सारखाच हवा, जुनी खिडकी परत बसवा. तक्रार कुणाची ते लिहिलेलं नाही. लिहायला कशाला हवं!
बायको, एडी, म्हणाली, "जा, गोड बोल तिच्याशी. जमतं तुला ते." चांगल्या बशीत घरचे सॉसेज घेऊन गेलो. बशी घेतली, आभार नाहीत. वर ऐकवलं — "तुमचं सात नंबर मुळात घरच नव्हे. घोडागाड्या मागे न्यायचा बोळ होता तो. नंतर मध्येच घर घालून बुजवला. माझ्या आजोबांनी पाहिलंय."
म्हणजे मी बोळातला! वीस वर्षं या ओळीत आहे. बायका माझ्याकडून मांस नेतात, आणि पाठ वळली की 'खाटीक' म्हणतात. माझे कान शाबूत आहेत. बोल बाई, बोलून घे.

१२ मार्च
पाच नंबरच्या दर्शनी भिंतीला पोट सुटलंय. पहाटे ओळंबा धरून पाहिला — चांगली चार बोटं बाहेर. मीही नगरपालिकेला एक पत्र टाकलं. रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाची काळजी म्हणून.

२९ मार्च
पाहणीचा माणूस आला. मान हलवत गेला.

१५ एप्रिल
'धोकादायक. पाडावे.' हुकूम तिच्या दारावर चिकटवला. आता माझ्या खिडकीची कुणाला आठवण नाही.
क्राउन पबमध्ये सगळ्यांना एकेक ग्लास पाजला. कुणीतरी टोचलं — "शेजारचं पडल्यावर तुझं राहील का रे उभं?" म्हटलं, "तेराव्या वर्षी आतडी धुवायला लागलो, तेव्हापासून हॉबडे कुणाला टेकून उभा नाही. त्याचं घरही नाही!" काय हसले!

६ मे
मिस क्रॅडक बहिणीकडे गेली, कायमची. त्याच घरात जन्मलेली — सत्तर वर्षं. टॅक्सी उभी ठेवून दुकानात आली, आयुष्यात पहिल्यांदा. बशी परत दिली. घासूनपुसून.
"सॉसेज चांगले होते."
एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसभर तोंड कडू.

९ मे
पाडणारे आले. दुपारपर्यंत छप्पर उतरलं. मग मुकादम टोपी हातात घेऊन दुकानात — "साहेब, काम थांबवलंय. जरा वर चला."
आमच्या पलंगामागचा भिंतीचा कागद त्याने सोलला. विटा ठोकून पाहिल्या. पुन्हा ठोकल्या.
"ही तर त्यांची भिंत, साहेब. तुमची कुठाय?"


१० मे
सात नंबरच्या तुळया पाच नंबरच्या भिंतीत खोवलेल्या आहेत. त्या बाजूला आम्हाला भिंत नाही. कधीच नव्हती.