पोटातला पट्टा आणि महालक्ष्म्यांचं जेवण

२८ ऑगस्ट
वजन उतरावं म्हणून पोटात बसवलेला पट्टा आज आणखी घट्ट केला. डॉ.नी पोटावरच्या कातडीखालच्या बटणात सुई घालून सलाईन भरलं, की आत जठराभोवतीचं कडं आवळतं. आता घास लहान, चावणं फार. अर्ध्या पोळीत पोट भरलं. खरंच भरलं. नवरोजी म्हणाले, "माणसानं जेवावं का बकरीवानी चघळत बसावं?" अख्ख्या चौबे कॉलोनीत यांच्याएवढं बकाबका कुणी खात नसेल.

५ सप्टें.
साखर उतरली, एक गोळी बंद. नव्या रायपुरातल्या ऑफिसचा जिना न थांबता चढले. घरी सांगितलं. यांचं नुसतं हूं. जाऊबाईंना फोन केला तर म्हणे, चेहरा पार उतरला तुझा. जळते मेली.

११ सप्टें.
महालक्ष्म्या, शंकर नगरला जाऊबाईंकडे. सवाष्ण म्हणून मला बसवलं. पुरणपोळीचा तुकडाच वाढा म्हणून आधीच सांगितलं होतं. जाऊबाईंनी अख्खी वाढली. "सवाष्ण अर्धपोटी उठली तं माह्या घराले लागन ना." सगळ्या बघत होत्या. खाल्ली, घाईघाईनं. घास छातीत अडकला, तोंडात लाळ दाटली, बोलता येईना. तर या बाईनं वरून वाटीभर तूप ओतलं, त्यानं खाली उतरतं म्हणे! मोरीत धावले. सगळं बाहेर. तिकडे जाऊबाई रडत, सण नासला म्हणून. माझ्या छातीचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

१३ सप्टें.
आत सूज. डॉ.नी सलाईन काढून पट्टा सैल केला. सूज उतरली की पुन्हा भरू म्हणाले.

२४ सप्टें.
भूक परत आली, राक्षसासारखी. पोळ्यांवर भात, भातावर जिलेबी. जिलेबी यांनीच आणली. "आता कसं घरच्यासारखं वाटून राहिलं," म्हणाले. पट्टा काढूनच टाक, असा धोशा लावलाय. ऑफिसच्या जिन्यात आज बसावं लागलं. गुडघे माझे, साखर माझी, आणि ठरवणार हे! रागारागात आणखी एक पोळी खाल्ली. त्यांचंच फावलं.

२७ सप्टें., सकाळ
आज पट्टा भरायचा. रिकाम्या पोटी बोलावलंय. यांना ठाऊक आहे. तरी यांनी पोहे केले, लग्नानंतर पहिल्यांदा. वर शेव, लिंबू. "खाऊन घे. पुढच्या महिन्यात जाऊ." पोरगी दारातून हिंदीत, "मम्मी, ऑटो आ गया."
इतकी भूक लागलीये की रडू येतंय. हे समोर बसलेत, चमचा माझ्याकडे करून. लिहितेय तोवर हात गुंतलेला आहे, चमचा घेता येत नाही. खाली हॉर्न वाजतोय